इटॅनियमचा सर्व्हर: घ्यावा, ठेवावा की सोडावा?

निकाल आधी. नवीन कामासाठी इटॅनियम, म्हणजे इंटेलचा मोठ्या सर्व्हरसाठीचा खास प्रोसेसर, घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको. चालू असलेला घाबरून उद्या बंदही करू नका, पण तो सोडण्याची तयारी मात्र आजच सुरू करा. ‘मशीन ठणठणीत आहे, मग हात कशाला लावायचा?’ असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर असतं. मशीन खरंच ठणठणीत असतं, गाव मात्र उठून गेलेलं असतं.

परीक्षणाला घेतलाय तो या जातीचा शेवटचा माल, म्हणजे मे 2017 मध्ये आलेली 9700 मालिका, सांकेतिक नाव किटसन. मॉडेल चारच: 9720, 9740, 9750 आणि 9760. सगळ्यात वरच्या 9760 मध्ये 8 कोअर, 2.66 गिगाहर्ट्झ, 32 एमबी एल3 कॅश (चिपमधलीच जलद मेमरी), 170 वॅट. छापील किंमत 4,650 डॉलर होती. ही चिप बसते एचपीईच्या (एचपीची सर्व्हरवाली कंपनी) इंटेग्रिटी आरएक्स2800 आय6 या 2यू उंचीच्या, दोन चिपा बसणाऱ्या (दोन-सॉकेट) सर्व्हरमध्ये, नाहीतर बीएल860सी, 870सी आणि 890सी या ब्लेडमध्ये. 870 म्हणजे दोन ब्लेड जोडलेले, 890 म्हणजे चार जोडून आठ सॉकेट. वर ऑपरेटिंग सिस्टम म्हणून बहुतेक ठिकाणी एचपी-यूएक्स 11आय व्ही3 चालते, काही ठिकाणी ओपनव्हीएमएस.

आता 9760 च्या शेजारी 2012 ची, पोल्सन पिढीतली 9560 ठेवा. 8 कोअर, 32 एमबी, 170 वॅट, 32 नॅनोमीटरची निर्मिती-प्रक्रिया, 2.53 गिगाहर्ट्झ. किटसनही 32 नॅनोमीटरच. पाच वर्षं थांबून हाती आलं काय, तर जेमतेम पाच टक्के घड्याळगती. त्याच पाच वर्षांत इंटेलच्याच झिऑन या नेहमीच्या सर्व्हर-चिपने दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये 8 कोअरवरून 28 वर आणि 32 नॅनोमीटरवरून 14 वर मजल मारली. किटसन झिऑनशी सॉकेट जुळवून काढायचा, असं आधी ठरलं होतं. जानेवारी 2013 मध्ये इंटेलने तो बेत गुंडाळला आणि ‘जुन्याच सॉकेटवर, जुन्याच प्रक्रियेवर’ असं जाहीर केलं. निरोप यायला आणखी सहा वर्षं लागली, पण निर्णय त्या दिवशीच झाला होता. जानेवारी 2019 मध्ये बंद करण्याची सूचना आली, शेवटची ऑर्डर 30 जानेवारी 2020 पर्यंत घेतली गेली आणि शेवटचा माल 29 जुलै 2021 ला निघायचा होता.

चिप म्हणून ती वाईट होती का? तर नाही, आणि यासाठी थोडं आत शिरावं लागेल. साधा प्रोसेसर सूचना एकामागून एक घेतो आणि कोणत्या एकाच वेळी चालवता येतील ते चालता चालता स्वतः ठरवतो. इटॅनियममध्ये हे काम कंपायलरकडे, म्हणजे प्रोग्राम आधीच मशीनच्या भाषेत आणणाऱ्या साधनाकडे, दिलं. 128 बिटांचं एक गाठोडं, त्यात 41 बिटांच्या तीन सूचना आणि कोणती सूचना कुठल्या युनिटकडे जायची ते सांगणारा 5 बिटांचा साचा. दिमतीला 128 सामान्य रजिस्टर (आकडे हाताशी ठेवण्याच्या जागा), 128 फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर आणि अटींचे निकाल ठेवायला 64 एक-बिटी रजिस्टर. कागदावर देखणं, आणि नियमित गणितात प्रत्यक्षातही देखणंच. मॅट्रिक्ससारखं काम दिलं की फिरती रजिस्टर वापरून कंपायलर लूपचे फेरे एकमेकांवर असे चढवतो की एकही युनिट रिकामं बसत नाही. नासाचा कोलंबिया महासंगणक 10,240 इटॅनियम 2 घेऊन जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या नोव्हेंबर 2004 च्या टॉप500 यादीत दुसरा आला, तो याच जोरावर.

घोडं पेंड खातं ते डेटाबेस आणि व्यवहारांच्या कामात. मेमरीतून आणायचा शब्द कॅशमध्ये आहे की नाही, हे कंपायलरला महिनाभर आधी कसं कळणार? असला तर काही घड्याळठोके, नसला तर शेकडो. झिऑन तेवढ्या वेळात पुढच्या सूचना उकरून काढतो. इटॅनियम ठरलेल्या क्रमाला बांधलेला, तो थांबतो. तीन सूचना साच्यात बसल्या नाहीत की रिकाम्या जागी काहीच न करणारी सूचना भरावी लागते, त्यामुळे प्रोग्राम फुगतो आणि सूचनांची कॅश लवकर भरते. यावर इंटेलने शोधलेला उपाय म्हणजे कॅश वाढवत नेणं: 2002 च्या मॅकिन्ली पिढीत 3 एमबी, 2006 च्या माँटेसिटो पिढीत 24 एमबी. माँटेसिटोतल्या 172 कोटी ट्रान्झिस्टरपैकी बहुतेक कॅशमध्येच गेले. सिलिकॉनचा मोठा तुकडा म्हणजे महाग तुकडा, हे हिशोबाच्या वहीत उतरणारच.

जे आजही या मशीनवर सी किंवा सी++ कंपाइल करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट: नुसतं वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन लावून इथे भागत नाही. प्रोफाइल (कोणता कोड किती चालतो याची नोंद) गोळा करण्याचा पर्याय लावून आधी बांधणी करा, खऱ्या कामाचा नमुना चालवा, त्यातून फ्लो-डेटाची फाइल तयार होते, आणि मग ती वापरण्याचा पर्याय लावून पुन्हा बांधा. शाखा कुठे वळतात हे कळल्याशिवाय हा कंपायलर अंधारात चाचपडतो. नमुना दिवसाच्या कामाचा आणि प्रोग्राम रात्रीच्या बॅचचा, असं झालं तर मात्र बांधणी आधीपेक्षाही मंद निघू शकते.

एवढं असूनही, वेगामुळे हे दुकान बसलं असं म्हणणं सोपं पण अपुरं आहे. दुकान बसलं ते एकाच गिऱ्हाईकावर चालल्यामुळे. एचपी आणि इंटेलने 1994 मध्ये हातमिळवणी केली, पहिला इटॅनियम, मर्सेड, 2001 मध्ये आला, 733 आणि 800 मेगाहर्ट्झचा, आणि जुने x86 (नेहमीच्या पीसी-चिपांसाठीचे) प्रोग्राम त्यावर रखडत चालत. तोवर नुसत्या वायद्यावर प्रतिस्पर्धी गार झाले होते: कॉम्पॅकने अल्फा प्रोसेसर सोडला, एसजीआयने मोठ्या सर्व्हरसाठी मिप्स प्रोसेसर सोडला, एचपीने स्वतःचा पीए-रिस्क प्रोसेसर आवरता घेतला. एवढं मैदान मोकळं मिळूनही घोडदौड झाली नाही, कारण एप्रिल 2003 मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. जुने 32-बिटी प्रोग्राम पूर्ण वेगाने आणि शिवाय 64 बिट. पुढच्याच वर्षी इंटेलला झिऑनमध्ये तेच द्यावं लागलं. त्याच 2004 मध्ये एचपीने इटॅनियमची वर्कस्टेशन बंद केली आणि प्रोग्रामरच्या टेबलावरून ही चिप कायमची उठली. ज्या चिपवर कुणी घरी बसून कोड लिहीत नाही, तिच्यासाठी कोड घासूनपुसून देणारेही आटतात.

2005 मध्ये आयबीएम आणि डेल बाहेर पडले. नंतरची गळती सॉफ्टवेअरची, आणि खरी मारक तीच. डिसेंबर 2009 मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीतून इटॅनियम वगळत असल्याचं सांगितलं, एप्रिल 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2008 आर2 ला शेवटची आवृत्ती ठरवलं, 22 मार्च 2011 ला डेटाबेसवाल्या ओरॅकलने इटॅनियमसाठीचा नवीन विकास थांबवला. एचपी कोर्टात गेली, 2012 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयाने ओरॅकलला आवृत्त्या देत राहण्यास बांधील ठरवलं, 2016 मध्ये ज्यूरीने 300 कोटी डॉलरची भरपाई दिली. पण त्या खटल्यातला सगळ्यात बोलका कागद वेगळाच होता. इटॅनियम चालू ठेवावा म्हणून एचपीने इंटेलला 2008 मध्ये 44 कोटी आणि 2010 मध्ये आणखी 25 कोटी डॉलर कबूल केले होते. कारखानदाराला माल बनवत राहण्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतंय, याहून स्पष्ट बाजारभाव कुठला?

पुण्यापुरतं सांगायचं तर, टाटांच्या सीआरएल या संगणन-कंपनीने उभारलेला ‘एका’ नावाचा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या टॉप500 यादीत चौथा आला. ब्लेड एचपीचेच होते आणि आत झिऑन होते. इटॅनियमच्या भागीदारालाही मोठ्या गणनेच्या कामाला दुसरी चिप पुढे करावी लागली, आणि तेही कोलंबियानंतर तीनच वर्षांत.

भरवशाच्या बाबतीत मात्र इटॅनियमचं नाव खोटं नव्हतं. मेमरीतली किंवा कॅशमधली चूक पकडून, त्या कामापुरतं आटोपून बाकीची सिस्टम चालू ठेवणं, कॅशची नासकी ओळ कायमची बाजूला काढणं, हे सगळं इथे होतं. अडचण एवढीच की 2010 मध्ये झिऑन 7500 आला तेव्हा चुकीतून सावरण्याची ही यंत्रणा त्यातही होती, आणि त्या वर्षीचा इटॅनियम 9300 व झिऑन 7500 एकाच चिपसेटवर चालत होते. जास्त पैसे मोजण्याचं उरलेलं एक कारणही मग संपलं.

आता ठेवण्याबद्दल. इंटेग्रिटीवरच्या एचपी-यूएक्स 11आय व्ही3 च्या नियमित पाठिंब्याची ठरलेली तारीख 31 डिसेंबर 2025 होती. ओरॅकल डेटाबेसची इथे मिळणारी शेवटची मोठी आवृत्ती 19सी. लिनक्सने जानेवारी 2024 च्या 6.7 कर्नलमधून ही आर्किटेक्चर काढून टाकली, त्यामुळे 6.6 च्या पुढे वाट नाही. काढता येत नाही तोवर सांभाळायचं असेल तर पुढचं नीट करा.

प्रोसेसर जात नाही; जातात त्या बॅटऱ्या, पंखे, डिस्क आणि पॉवर सप्लाय. डिस्कचा संच सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरच्या राइट-कॅशची बॅटरी मेली की कंट्रोलर ती कॅश गुपचूप बंद करतो, सिस्टम चालू राहते आणि रात्रीची बॅच अचानक दुप्पट-तिप्पट वेळ घेते. डेटाबेसवाले क्वेरी तपासत बसतात. आधी कंट्रोलरची स्थिती बघा. मशीन लांबून सांभाळण्याच्या आयएलओ या सोयीचं जुनं वेबपान नव्या ब्राउझरमध्ये अनेकदा उघडत नाही, कारण एन्क्रिप्शनच्या पद्धती जुन्या; सीरियल कन्सोलची केबल आणि ती चालते का याची तपासणी, दोन्ही आधी करून ठेवा. फर्मवेअर आणि पॅचेस करार संपण्याआधीच उतरवून आपल्या डिस्कवर घ्या. अख्खी सिस्टम पुन्हा उभी करणारी इग्नाइट-यूएक्सची रिकव्हरी टेप महिन्याला एकदा काढा आणि तिमाहीला एकदा सुट्या मशीनवर उतरवून पाहा. न उतरवलेली टेप म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. सुटे भाग जुन्या बाजारातून घेताना मॉडेल क्रमांकासोबत आय2, आय4, आय6 हे शेपूट जुळतं का पाहा, कारण बाहेरून डबा सारखाच दिसतो.

सोडण्याच्या, म्हणजे इथले प्रोग्राम आणि डेटा x86 वरच्या लिनक्सवर नेण्याच्या, कामाला खरा वेळ लागतो, आणि वेळ खाणाऱ्या गोष्टी प्रस्तावाच्या कागदात क्वचितच लिहिलेल्या असतात.

पहिली पायरी मोजदादीची. प्रत्येक प्रोग्रामवर फाइल कमांड चालवा. उत्तरात आयए64 आलं तर तो इथला, पीए-रिस्क आलं तर तो त्याआधीच्या पिढीचा, एरीज नावाच्या भाषांतरकावर इतकी वर्षं कुणाला न कळता चाललेला. त्याचा सोर्स बहुधा सापडत नाही. लिनक्सवर एरीज नाही, म्हणून हे प्रोग्राम पहिल्याच आठवड्यात बाहेर यायला हवेत, शेवटच्या नव्हे. जुन्या पीए-रिस्क मशीनचे x86 वर चालणारे एमुलेटर विकत मिळतात, पण तो स्वतंत्र खर्च आणि स्वतंत्र परवाना.

दुसरी मेख बाइटच्या क्रमाची. एचपी-यूएक्स इटॅनियमवर मोठा बाइट आधी ठेवते, x86 लहान बाइट आधी. चार बाइटांत लिहिलेला 1 हा आकडा तसाच नेऊन वाचला तर 1,67,77,216 होतो. डेटाबेसमध्ये हे निस्तरण्याची साधनं आहेत. धोका असतो तो सी प्रोग्रामने स्ट्रक्चर जसंच्या तसं ओतून लिहिलेल्या बायनरी फाइलींमध्ये. या फाइली नुसत्या उलटवूनही चालत नाही, कारण त्यात अक्षरांचे रकानेही असतात आणि ते उलटवायचे नसतात. प्रत्येक रेकॉर्डचा नकाशा लागतो. कोबोल असेल तर मायक्रो फोकसच्या कंपायलरमध्ये कॉम्प प्रकारचे (बायनरी आकड्यांचे) रकाने दोन्हीकडे सारखेच वाचले जातात, पण कॉम्प-5 मशीनच्या क्रमाने लिहिला जातो. म्हणजे कॉपीबुकात (रेकॉर्डची मांडणी लिहिलेल्या फाइलींत) कॉम्प-5 शोधणं हे अर्ध्या दिवसाचं काम आधी करा.

तिसरी सगळ्यात गमतीदार, म्हणजे ज्याच्यावर येते त्याला सोडून. एचपी-यूएक्सचा लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं साधन, मूळ सेटिंगमध्ये (मोठा झेड) शून्य पत्त्यावरून वाचू देतो आणि शून्य परत देतो. वीस वर्षांच्या कोडमध्ये अशा चुका पेरलेल्या असतात आणि तिथे काहीच बिघडत नाही. लिनक्सवर पहिल्याच वाचनाला प्रोग्राम कोसळतो, आणि दोष नव्या मशीनवर येतो. उपाय स्थलांतराआधीचा आहे: जुन्या मशीनवरच लहान झेडचा पर्याय लावून पुन्हा लिंक करा, म्हणजे हीच चूक तिथेच सिग्नल देईल, आणि तिथे ती शोधायला कोड ओळखणारी माणसं अजून असतात. मोठा झेड म्हणजे सवलत, लहान झेड म्हणजे शिस्त.

याच जोडीला बांधणीचा फरक. तिकडचा कंपायलर न सांगता 32-बिटी प्रोग्राम बांधतो, लाँग आणि पॉइंटर चार बाइटांचे. लिनक्सवर दोन्ही आठ. वर सांगितलेल्या बायनरी फाइलींचे रकाने इथे पुन्हा सरकतात. फ्लोटिंग पॉइंटमध्ये व्याज मोजणारा कोड असेल तर शेवटच्या पैशाला फरक येईल, कारण इटॅनियम गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत करून एकदाच पूर्णांकन करतो, आणि लाँग डबल तिकडे 128 बिटी तर इकडे 80 बिटी. हा फरक बाइट-क्रमाच्या चुकीपासून वेगळा ओळखायचा तर जुन्या मशीनवर काटेकोर अचूकतेचा पर्याय लावून कंपाइल करा, सूचना जोडणं बंद होतं, आणि मग दोन्हीकडचे आकडे ताडा. स्क्रिप्टचं काम त्यामानाने किरकोळ: बीडीएफ, रेमश या तिकडच्या आज्ञा, ऑपरेटिंग सिस्टमचे वेगळे पथ. शोधून बदला आणि पुढे चला. सर्व्हिसगार्डचा क्लस्टर (एक मशीन पडलं की काम दुसऱ्यावर नेणारी जोडणी) असेल तर लिनक्ससाठीही सर्व्हिसगार्ड मिळतो, पॅकेजची मांडणी बरीचशी उपयोगी पडते.

ओरॅकल डेटाबेस हलवायचा तर आरमॅन या ओरॅकलच्या साधनाने बॅकअप घेऊन लिनक्सवर उतरवता येत नाही, आणि अख्खा डेटाबेस रूपांतरित करण्याची आज्ञाही बाइट-क्रम वेगळा असल्याने चालत नाही. काही शे जीबीपर्यंत डेटा पंप हे ओरॅकलचं डेटा बाहेर काढून आत घालण्याचं साधन पुरतं. त्याच्या वर टेबलस्पेस (डेटा-फाइलींचे गट) हलवण्याची पद्धत घ्या. दोन्हीकडचा कॅरेक्टर सेट एकच हवा. टेबलस्पेसचा संच स्वयंपूर्ण आहे का ते तपासा. युजरने सिस्टम टेबलस्पेसमध्ये बनवलेल्या वस्तू यात येत नाहीत, त्या आधी हलवा. मग डेटाबेस चालू असतानाच पूर्ण प्रत घेऊन पलीकडे रूपांतरित करा, आणि दर दिवसाआड फक्त बदललेले ब्लॉक नेऊन त्यावर चढवा. ब्लॉक-बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू नसेल तर ही प्रत्येक फेरी अख्खा डेटा वाचत बसेल. शेवटच्या रात्री टेबलस्पेस फक्त वाचनीय करायचे, शेवटची फेरी चढवायची, आणि मेटाडेटा, म्हणजे टेबलांच्या रचनेची माहिती, डेटा पंपने नेऊन जोडायचा. बंद राहण्याचा वेळ सगळे डेटाच्या आकारावरून मोजतात आणि फसतात. हजारो पार्टिशन असतील तर मेटाडेटालाच तासन्‌तास लागतात. म्हणून रंगीत तालीम किमान दोनदा, आणि दुसऱ्या तालमीला घड्याळ लावून. तारीख ठरवताना 31 मार्चची वर्षअखेर नव्या मशीनवर पहिल्यांदाच येईल अशी ठेवू नका. एक तिमाही-अखेर तरी आधी पार पडू द्या.

जुन्या बाजारातून हौसेला घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: आरएक्स2660 सारखं मशीन शिकायला चांगलं, आवाजाने शेजारी उठतील, वीजबिल बोलेल. एचपी-यूएक्सचा परवाना डब्यासोबत येतोच असं नाही, विकणाऱ्याकडून कागद मागा. लिनक्स चालवायचं तर जुनी डेबियन 7 किंवा 6.6 पर्यंतचा कर्नल. किंमत भंगाराच्या वर फार जाऊ देऊ नका.

आणि शेवटचं मशीन उतरवण्याआधी कपाटातल्या टेप मोजा. कायद्याने सांभाळायच्या जुन्या वर्षांचे आरमॅन बॅकअप त्यावर असतील तर ते लिनक्सवर उतरणार नाहीत, आणि रिकव्हरी टेप तर इटॅनियमशिवाय सुरूच होत नाही. प्रत्येक जुनं वर्ष एकदा त्याच मशीनवर उतरवा, डेटा पंपने किंवा साध्या मजकुरात बाहेर काढा, नव्या सर्व्हरवर वाचून ओळींची संख्या आणि बेरजा ताडा. एका वर्षाला साधारण दोन-तीन दिवस धरा. ते संपेपर्यंत एक आरएक्स2800, दोन सुटे पॉवर सप्लाय आणि एक चालू टेप ड्राइव्ह खोलीत राहू द्या.